डेलिरियमचं टूल निवडायला सांगितलंय? मग आधी हे बघा

"आजी, दगड पाण्यावर तरंगतो का?"

आदल्या दिवशी श्वासाची ट्यूब निघालेली आजी, माहेर मालवणकडचं, राहायला लालबागला, टक्क जागी. आमच्या रेसिडेंटकडे तिने असं बघितलं की याला डॉक्टर कुणी केला. मग म्हणाली, "रामाचं नाव लिवलेलो असलो तर तरंगता." त्याने चूक मांडली. पुढचा प्रश्न, एक पौंड दोन पौंडांपेक्षा जड असतो का? "पौंड म्हंजे काय रे झिला?" दुसरी चूक. दोन चुका झाल्या की कॅम-आयसीयूच्या (आयसीयूतल्या पेशंटला डेलिरियम आहे का ते तपासायचं टूल) हिशोबाने 'विचार विस्कळीत' या खान्यात टिक पडते, ती पडली. आजी आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्धीत होती.

टूल वाईट नाहीये, उलट आयसीयूत जगभर सगळ्यात जास्त चालणाऱ्या टूल्सपैकी एक आहे. पण 'व्हॅलिडेटेड (म्हणजे अभ्यासात तपासून बघितलेलं) आहे ना, मग लावा' असं म्हणून फॉर्मचे झेरॉक्स मारले की काय होतं ते त्या दिवशी कळलं. मी आधी सिस्टर होते, आता रिसर्चची कामं बघते, आणि दर वर्षी कुणीतरी नवीन मुलगा-मुलगी येऊन विचारते की मॅडमनी डेलिरियमसाठी टूल शोधायला सांगितलंय, कुठलं घेऊ? कुणाला थीसिससाठी हवं असतं, कुणाला एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या प्रमाणपत्राच्या, तयारीसाठी. प्रत्येकाला तेच तेच सांगते म्हणून एकदा लिहून ठेवतेय.

डेलिरियम म्हणजे काय ते दोन ओळीत. घरी म्हणतात ना, 'वात झालाय', 'बरळतायत', 'कालपर्यंत ठीक होते आज माणसं ओळखत नाहीत', तेच. अचानक येतं, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत, दिवसभरात कमी-जास्त होतं, आणि मुख्य म्हणजे लक्ष टिकत नाही. लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ नांगराची रेघ सोडून जाणं असा आहे, आपल्या भाषेत बैलाने तास सोडला. डिमेन्शिया महिन्या-वर्षांत हळूहळू येतो, हे तसं नाही, आणि यामागे बहुतेकदा काहीतरी शारीरिक कारण असतं, इन्फेक्शन, सोडियम, शुगर, ऑक्सिजन, तुंबलेली लघवी, नवीन सुरू केलेली झोपेची गोळी, नाहीतर दारू अचानक बंद झालेली.

पायरी १ : टूलकडून काय काम हवंय ते आधी ठरवा

निम्मा गोंधळ इथेच असतो. वॉर्डातल्या प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटवरून झटकन हात फिरवायचाय, की ज्याच्यावर संशय आहे त्याला नक्की आहे का ते ठरवायचंय, की आहे हे माहीतच आहे आणि औषधाने कमी होतंय का ते मोजायचंय? तीन कामं, तीन वेगळी टूल्स.

पहिल्या कामासाठी फोर-एटी हे एडिंबराच्या टीमने काढलेलं टूल आहे, २०११ पासून चालू, फुकट, २ मिनिटांच्या आत होतं आणि त्याला वेगळं ट्रेनिंग लागत नाही असा त्यांचा दावा. सिस्टर्सनी दर ड्युटीला निरीक्षणावर भरायचं असेल तर न्यू-डेस्क, ५ मुद्दे, प्रत्येकाला ० ते २ मार्क, २ किंवा जास्त आले की पॉझिटिव्ह. दुसऱ्या कामासाठी कॅम, हे १९९० चं, शॅरन इनॉय यांचं. त्यात चार गोष्टी बघतात: अचानक सुरुवात आणि चढउतार, लक्ष न टिकणं, विस्कळीत विचार, शुद्धीच्या पातळीत बदल. पहिल्या दोन हव्यातच, आणि पुढच्या दोनपैकी एक. हे नीट करायला ट्रेनिंग लागतं, आणि त्याच्यावर कॉपीराइट आहे, परवानगीचं आधी बघा. व्हेंटिलेटरवरच्या, बोलू न शकणाऱ्या पेशंटसाठी कॅम-आयसीयू किंवा ८ मुद्द्यांचं आयसीडीएससी, दोन्ही २००१ ची. तीव्रता मोजायची तर डीआरएस-आर-९८ किंवा एमडास. फोर-एटीचे मार्क काल ८ आणि आज ६ म्हणून पेशंट सुधारला असं थीसिसमध्ये लिहू नका, ते टूल त्यासाठी बनवलेलंच नाही.

पायरी २ : पेपरमधला आकडा कुठून आला ते उकरा

नवीन माणूस काय करतो, पेपरचा सारांश उघडतो, सेन्सिटिव्हिटी ९४ दिसली की खूश. सेन्सिटिव्हिटी म्हणजे खरंच डेलिरियम असलेल्यांपैकी किती पकडले, स्पेसिफिसिटी म्हणजे नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर सोडलं. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण तो आकडा टूलचा एकट्याचा नसतो हो, कुणी वापरलं आणि कुणावर वापरलं हे त्या आकड्यातच मिसळलेलं असतं.

कॅम-आयसीयूचंच घ्या. २००१ च्या मूळ अभ्यासात व्हेंटिलेटरवरचे ९६ पेशंट, रिसर्चसाठी तयार केलेल्या सिस्टर्स, सेन्सिटिव्हिटी ९३ ते १०० टक्के. मग २०११ मध्ये नेदरलंड्समधल्या १० आयसीयूंमध्ये बघितलं की रोजच्या कामाच्या रगाड्यात बेडसाइडच्या सिस्टर्स हेच टूल वापरतात तेव्हा काय होतं, तर सेन्सिटिव्हिटी ४७ टक्के. निम्म्याहून जास्त पेशंट सुटले. टूल तेच, कागद तोच. कॅमचंही तसंच, १९९० च्या अभ्यासात ५६ जण आणि सेन्सिटिव्हिटी ९४ ते १००, आणि २०१९ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ७० वर्षांवरच्या पेशंटवर कॅम आणि फोर-एटी समोरासमोर लावली तेव्हा कॅमने ४० टक्के पकडले, फोर-एटीने ७६. स्पेसिफिसिटीत मात्र कॅम १०० आणि फोर-एटी ९४, म्हणजे कॅमने हो म्हटलं तर नक्की हो, पण म्हणतच नाही. आता फोर-एटी जिंकलं असं लगेच लिहू नका, त्या अभ्यासात फोर-एटी बनवणाऱ्या टीमची माणसं होती. चोरी केली असं म्हणत नाहीये मी, पण आपल्या पोराची दहावीची मार्कशीट आपणच तपासायची नसते, म्हणून दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तपासलंय का ते पण शोधा.

पेपर हातात आला की मी सरळ पेन्सिल घेऊन 'पद्धत' वाल्या भागात जाते आणि या गोष्टी हुडकते.

खरं उत्तर कुणी ठरवलं? म्हणजे टूल बरोबर की चूक हे ज्याच्याशी ताडून बघितलं तो निकष. मानसोपचार किंवा वृद्धांच्या आजारांचा जाणकार डॉक्टर, डीएसएम-५ चे (मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकातले) निकष लावून, पेशंटला स्वतः तपासून, नातेवाइकांशी बोलून, असं असेल तर चांगलं. नुसता केसपेपर वाचून ठरवलं असेल तर कठीण, कारण केसपेपरवर डेलिरियम लिहिलेलाच नसतो. आणि काही अभ्यासात एक टूल दुसऱ्या टूलशीच ताडतात, म्हणजे एक घड्याळ दुसऱ्या घड्याळाला लावलं, दोन्ही १० मिनिटं मागे असली तरी जुळणारच.

त्या डॉक्टरला टूलचा निकाल माहीत होता का? माहीत असेल तर तो आकडा फुगलेला असणार.

दोन तपासण्यांमध्ये किती वेळ गेला? रक्तातल्या हिमोग्लोबिनला सकाळ-संध्याकाळने फार फरक पडत नाही, इथे पडतो. सकाळी १० ला टूल लावलं आणि डॉक्टर संध्याकाळी ६ ला आले तर मधल्या वेळात पेशंट बिघडला किंवा सुधारला असेल, त्यात टूलचा काय दोष. एक-दोन तासांच्या आत असेल तर मी ग्राह्य धरते, जास्त असेल तर बाजूला प्रश्नचिन्ह.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर मी प्रत्येक वेळी भांडते: कुणाला वगळलं? जे पेशंट 'तपासता आले नाहीत' त्यांचं काय केलं? झापड आलेली, उत्तर न देणारी, पाठ करून पडलेली माणसं, यांच्यातच तर डेलिरियम ठासून भरलेला असतो. बरेच पेपर त्यांना बाजूला काढतात आणि उरलेल्या बोलक्या, सहकार्य करणाऱ्या लोकांवर ९० टक्के दाखवतात. फोर-एटीत निदान याची सोय आहे, पेशंट स्पष्टपणे गुंगीत किंवा अति अस्वस्थ असेल तर पहिल्याच प्रश्नाला थेट ४ मार्क आणि ४ म्हणजे पॉझिटिव्ह. कॅम-आयसीयूत रास स्केलवर (पेशंट किती जागा, किती गुंगीत ते मोजायची पट्टी) उणे ४ किंवा उणे ५ असेल तर तपासता येत नाही म्हणून थांबायचं असतं, ते ठीक आहे, पण ते 'निगेटिव्ह' म्हणून मोजले गेले का हे बघा, मी स्वतः एका डेटा शीटमध्ये तसं झालेलं पकडलंय. डिमेन्शिया असलेले, कमी ऐकू येणारे, भाषा न येणारे, यांनाही वगळलं असेल तर तुमच्या वॉर्डात नक्की उरतं कोण?

आकड्यामागची माणसं किती तेही मोजा. २० जणांना डेलिरियम होता आणि १८ पकडले, झाली सेन्सिटिव्हिटी ९०. पण एवढ्या कमी माणसांवर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर खरा आकडा ६८ पासून ९९ पर्यंत कुठेही असू शकतो. या सगळ्याची तयार यादी हवी असेल तर क्वाडास-२ बघा, निदानाच्या अभ्यासातल्या त्रुटी शोधायला तीच वापरतात.

पायरी ३ : गणित आपल्या वॉर्डाचं करा

हे ५ मिनिटांचं काम आहे पण लोक करत नाहीत. समजा टूलची सेन्सिटिव्हिटी ८०, स्पेसिफिसिटी ९०. म्हाताऱ्या मेडिसिन पेशंटचा वॉर्ड, १०० जण, त्यात २० जणांना डेलिरियम. १६ पकडले, ४ सुटले, उरलेल्या ८० मधल्या ८ जणांवर उगाच शिक्का. म्हणजे पॉझिटिव्ह आलेले २४, त्यातले १६ खरे. चालतंय. आता तेच टूल तरुण पेशंटच्या वॉर्डात नेलं, २०० जण, डेलिरियम फक्त १० ना. ८ पकडले, पण उगाच शिक्का बसलेले १९. २७ पॉझिटिव्हमधले ८ खरे. तिसऱ्या दिवसापासून रेसिडेंट म्हणणार, सिस्टर तुमचं ते टूल रोज काहीतरी बोंब मारतं, आणि मग फोन उचलणं बंद.

पायरी ४ : प्रश्न आपल्या माणसांना विचारून बघा

इथे माझं ऐका, कारण इथलं फार कमी लोक लिहितात.

फोर-एटीत दुसरा भाग असा: वय, जन्मतारीख, कुठे आहात, साल कोणतं. तिसरा: महिने उलटे म्हणा, डिसेंबरपासून मागे. चौथा: अचानक बदल झालाय का. साधं वाटतं ना? आता जन्मतारीख. आपल्याकडच्या एका पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जून असतो, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच लिहिली. पेशंट सांगतो 'गणपतीत जन्मलो', केसपेपरवर १ जून. चूक धरायची का? शाळेतच न गेलेली आजी वय विचारलं तर 'असंल साठ-सत्तर' म्हणते. झाल्या २ चुका, म्हणजे २ मार्क. पुढे महिने उलटे. तिला जानेवारी-फेब्रुवारी सरळही येत नाहीत, ती म्हणते 'मला नाय बाई येत'. नियमाप्रमाणे सुरुवात करायला नकार म्हणजे १ मार्क, एकूण ३, अर्थ 'आकलनात काहीतरी कमी असू शकेल'. पण तपासणाऱ्याने त्यावर 'तपासता येत नाही' अशी खूण केली की २ मार्क, एकूण ४, आणि आजी डेलिरियम पॉझिटिव्ह. 'तपासता येत नाही' हा खाना आजारपणामुळे, गुंगीमुळे, लक्ष नसल्यामुळे सुरूच करता येत नाही अशांसाठी आहे, न शिकलेल्यांसाठी नाही. एका मार्काचा फरक, आणि तो फरक आजीच्या मेंदूत नसून आपल्या पेनात आहे.

बरं एक आजी आमच्याकडे अशी होती की डिसेंबर-नोव्हेंबर जमेना, पण फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक करत चैत्रापर्यंत न अडखळता मागे गेली, एकादशा मोजत जगलेली बाई. लक्ष शाबूत आहे हे कुणालाही दिसेल. ते धरायचं की नाही? माझं मत, धरा, पण अभ्यास सुरू व्हायच्या आधी ठरवून फॉर्मवर छापा. पेशंट बघून त्या त्या वेळी सूट द्यायची नाही, नाहीतर चाळीतल्या ओळखीच्या आजीला सूट आणि बिहारहून आलेल्या चाचांना नाही असं होतं, आणि हे मुद्दाम होत नाही, आपोआप होतं. मराठी महिने चालले तर आठवड्याचे वार उलटे पण चालतील असं म्हणून अजून सोपं करू नका, ७ वार आणि १२ महिने यात मेहनत सारखी नाही.

कॅम-आयसीयूत इंग्रजी १० अक्षरं ऐकवून 'ए' आला की हात दाबायचा असतो, २ पेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष नाही. ज्यांना एबीसीडी येत नाही त्यांना हे कसं लावणार, तर आकडे ऐकवून एक ठरलेला आकडा आला की हात दाबा, अशी पद्धत वापरता येते, चित्रांची पण आहे. दगडाच्या प्रश्नाचं आम्ही काय केलं ते विचाराल, तर आमच्या सिनियर मॅडमनी पौंडाचा किलो करायला लगेच हो म्हटलं, दगडावर मात्र अर्धा तास चर्चा झाली, कारण रामसेतूचं उत्तर देणाऱ्या माणसाला संदर्भ लागतोय म्हणजे विचार जागेवर आहेत. त्या टूलमध्ये प्रश्नांचा दुसरा संच पण येतो, तोही करून बघा. पहिल्या संचातला 'समुद्रात मासे असतात का' हा प्रश्न त्याच आजीला विचारला तर म्हणाली, "असतत, पण आता पयल्यासारखे गावत नाय." पूर्ण मार्क.

भाषांतर एकट्याने बसून करू नका. एकाने मराठीत करायचं, ज्याने मूळ बघितलेलं नाही अशा दुसऱ्याने परत इंग्रजीत, दोन्ही ताडून बघायचं, मग डेलिरियम नसलेल्या १०-१२ पेशंटना विचारून 'या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं' ते विचारायचं. आणि मुंबईत नुसतं मराठी करून भागत नाही, हिंदी हवंच, गुजराती बऱ्याच ठिकाणी. वॉर्डातल्या मावशींना दुभाषी म्हणून उभं केलं तर त्या प्रेमाने उत्तरच सुचवतात, 'सांगा ना आजी, दोन हजार पंचवी...', हे मी कानांनी ऐकलंय.

'अचानक बदल' वाल्या प्रश्नाला एकट्याला ४ मार्क आहेत, म्हणजे तो एकटाच निकाल लावतो, आणि त्याचं उत्तर बहुतेकदा नातेवाईक देतात. सकाळी सून असते, दुपारी वसईहून मुलगी येते, रात्री पुतण्या झोपतो ज्याने काकांना गेल्या दिवाळीनंतर बघितलेलंच नाही. जो घरी सोबत राहतो त्याला विचारा, नसेल तर फोन करा. 'कन्फ्यूज्ड आहेत का' असं विचारू नका, 'नेहमीसारखे आहेत का, की दोन-चार दिवसांत वेगळेच वागतायत' असं विचारा, भडाभडा सांगतात.

पायरी ५ : दोघींचं जुळतंय का

दोन सिस्टर्सनी एकमेकींना न सांगता तोच पेशंट थोड्या अंतराने तपासायचा. नुसती टक्केवारी बघून फसू नका. १०० पेशंट, ९० ना दोघी नाही म्हणाल्या, २ ना दोघी हो, ८ ठिकाणी वाद (४-४). जुळणी ९२ टक्के, वा! कप्पा (योगायोगाने जुळलेलं वगळून उरलेली जुळणी, पूर्ण जुळलं तर १) काढा, जेमतेम ०.२९ येतो, कारण बहुतेक पेशंटना नसतंच त्यामुळे सारखं 'नाही' म्हणत गेलं तरी जुळतं.

पायरी ६ : एक आठवडा खऱ्या ड्युटीत चालवा

नुसतं डे ड्युटीत, स्टुडंट हाताशी असताना नाही. रात्री चालवा, एक सिस्टर आणि भरलेला वॉर्ड असताना, आणि घड्याळ लावून किती वेळ लागला ते लिहा. कोऱ्या राहिलेल्या फॉर्मला पण एक खाना ठेवा, 'का झालं नाही'. आमचे कोरे जवळपास सगळे रात्रीचे निघाले, आणि कारणात सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलेलं, 'पेशंट शांत झोपले आहेत'.

त्या शांत झोपलेल्यांना मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बघितलं. सलाइन ओढणारा, खाटेवरून उतरणारा, मामांना (वॉर्डबॉयना) शिव्या घालणारा पेशंट ड्युटी बदलताना ओव्हर देतात तेव्हा पहिला सांगितला जातो, त्याला टूलची गरजच नसते. गप्प पडून राहणारा, घास तोंडात तसाच धरून ठेवणारा, हाक मारली की डोळे उघडून परत मिटणारा, तो सुटतो. अमेरिकेतला २००१ चा अभ्यास आहे, सिस्टर्सच्या नेहमीच्या निरीक्षणात डेलिरियम असलेल्या पेशंटपैकी फक्त ३१ टक्के पकडले गेले, आणि सुटणाऱ्यांमध्ये हे गप्पवाले, ८० च्या वरचे, कमी दिसणारे आणि आधीच डिमेन्शिया असलेले जास्त. म्हणून ट्रायलच्या आठवड्यात बाकी काही जमलं नाही तरी या गप्प लोकांवर तुमचं टूल काय म्हणतं ते वेगळं काढून बघा.

पॉझिटिव्ह आला तर कुणाला फोन करायचा आणि तो माणूस येऊन काय काय बघणार, म्हणजे औषधांचा कागद, शुगर, सोडियम, ऑक्सिजन, पोटावर हात ठेवून लघवी तुंबलीय का, शौचाला कधी झालंय, चष्मा आणि कानाचं मशीन कपाटात आहे की पेशंटकडे, हे त्याच फॉर्मच्या मागच्या बाजूला छापून घ्या. आम्ही आधी वेगळा कागद केला होता, तो तिसऱ्या दिवशी हरवला. आता फॉर्म ओव्हरच्या रजिस्टरलाच स्टेपल करतो आणि 'शांत झोपले आहेत' हे कारण यादीतून काढून टाकलंय, झोपलेल्या पेशंटला हाक मारायची आणि काय झालं ते लिहायचं.